न चाखलेलं बर्गमॉट

पदार्थाची चव ठरवणं हे इतकं जबाबदारीचं काम आहे, की ते जिभेवर सोपवून चालत नाही. जीभ उतावळी असते, हट्टी असते आणि कोणत्याही समितीची सभासद नसते. म्हणून मोठ्या हॉटेलांत चव आधी मुख्यालयात ठरते, मग छापली जाते, मग पाहुण्यांना कळवली जाते, आणि सर्वांत शेवटी, सवड झालीच तर, पदार्थ शिजतो.

तंजावरात ही सुधारणा जरा उशिरा पोचली. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत 'डेल्टा हेरिटेज ग्रँड' उघडलं, त्याच्याबरोबर ती आली. या हॉटेलात सगळं मराठा राजवटीच्या थाटाचं आहे. उशा मराठा, पंखे मराठा, लिफ्टमधलं संगीतसुद्धा मराठा. मेन्यूकार्डाच्या माथ्यावर देवनागरीत 'सुस्वागतम्' छापलेलं आहे, ते उलटं छापलं गेलंय. (अकरा महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही. गल्लीतल्या मराठी घरांतूनही नाही. तिथे मराठी बोलतात आणि तमिळ वाचतात.)

या हॉटेलाचे मुख्य आचारी रघोजी. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं लग्नाच्या पंक्ती आणि देवळाचे नैवेद्य रांधण्यात गेलेली. हॉटेलाने त्यांना एका वर्षाच्या अजमावणीवर घेतलं होतं आणि लॉबीत एक पितळी पाटी लावली होती : 'एक्झिक्युटिव्ह शेफ रघोजी'. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं नाव भांड्यांखेरीज दुसरीकडे कुठे तरी आलं होतं. त्यांची बायको गंगाबाई ती पाटी बघायला दोनदा रिक्षा करून येऊन गेली. पाटी मात्र चिकटपट्टीवर होती. स्क्रू एकतीस जानेवारीला, नोकरी कायम झाली तर. नाही झाली, तर चेन्नईहून उंच टोपीवाला शेफ येणार, आणि चिकटपट्टी सोलायला फारसा वेळ लागत नाही.

रघोजींचा एक नेम होता. तो त्यांना त्यांचे गुरू आणि काका तुळजाजी यांनी घालून दिला होता : नैवेद्य होईतो जीभ लावायची नाही, लावली की उष्टं. हुंगायचंही नाही. मीठ-आंबट पाहायचं ते वाफेवरून. (वाफ आपण होऊन नाकात शिरली तर ते हुंगणं नव्हे, असा तुळजाजीकाकांचा निर्णय होता.) पंगत उठेपर्यंत पातेल्यात काही उरत नसे आणि घरी गंगाबाई रांधत असे. त्यामुळे रघोजींचं सार अख्ख्या जिल्ह्याने चाखलं होतं, रघोजींनी नव्हतं. मीठ चुकलं ते चाळीस वर्षांत एकदाच. त्या दिवशी त्यांना सर्दी होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुख्यालयाचं परिपत्रक आलं. या हंगामाचं फळ बर्गमॉट. (गेल्या हंगामाचं अव्हाकाडो होतं. ते अजून दुसऱ्या मजल्यावरच्या एका पाहुण्याला आठवतं.) बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिण टोकाला पिकणारं, लिंबाच्या कुळातलं आंबट-कडू फळ. त्याच्या सालीचं तेल अत्तरात जातं आणि परदेशी काळ्या चहात जातं. संत्र्यासारखं सोलून ते सहसा कुणी खात नाही, यावरून त्याच्या प्रतिष्ठेची कल्पना यावी.

अशी आठ फळं विमानाने चेन्नईला आणि तिथून पार्सलच्या बसने तंजावरला आली. प्रत्येक फळ पातळ कागदात गुंडाळलेलं होतं आणि त्यावर त्याच्या गावाचं नाव होतं. सोबत नियम होते. एक, बर्गमॉट किमान तीन पदार्थांत असावं. दोन, पदार्थांची नावं ताबडतोब कार्डावर छापून घ्यावीत. तीन, 'चाखणे-नोंद रजिस्टर' ठेवावं. रकाने चार : वास, आंबटपणा, कडवटपणा, भावना. चार, मुख्य आचाऱ्याने चाखून सही केल्याखेरीज फळ कापू नये. (न कापता कसं चाखावं याचा खुलासा परिपत्रकात नाही. तो मागवण्यात आला आहे.)

दुसरा नियम सर्वांत सोपा, म्हणून तो आधी पाळला गेला. जवळच्या तिरुवैयारुला दर जानेवारीत आराधनेचा संगीतोत्सव भरतो, त्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी 'बर्गमॉट सप्ताह' जाहीर झाला. बर्गमॉट सार, बर्गमॉट आंबट वरण, बर्गमॉट दही-भात. मग मॅनेजर सतीशकुमार रजिस्टर काखेत मारून स्वयंपाकघरात आला. हा रघोजींच्याच गल्लीतला. घरी तो त्यांना मामा म्हणे, हॉटेलात शेफ म्हणे, आणि चिडला की मिस्टर रघोजी.

"शेफ, हें चाखा अन् इथं सही घाला."

रघोजींनी फळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. "देवाला दाखवल्याविना तोंडांत कसं घालूं रे?"

"दाखवा मग देवाला! कोण नको म्हणतो?"

"देवाला इंग्लिश भाजी चालत नाही. बीट चालत नाही, कोबी चालत नाही. हें तर विमानांतून आलंय."

"मामा, हें भाजी नाही, फळ आहे."

"फळाला पासपोर्ट असतो कां रे?"

इथे पेच पडला. जे देवाला चालत नाही ते रघोजींना चालत नाही. जे चाखलं नाही त्यावर सही नाही. सही नाही तर फळाला सुरी नाही. सतीशकुमारने दुसरी जीभ शोधायला सुरुवात केली. त्याची स्वतःची जीभ आम्लपित्तामुळे डॉक्टरांच्या ताब्यात होती. भांडारातले हनुमंतराव म्हणाले, "मी मोजतों. आठ आहेत. चव माझ्या खात्यांत येत नाही." वाटणाची कृष्णवेणी तयार होती, पण तिचा त्या दिवशी उपास होता, दुसऱ्या दिवशीही होता, आणि तिसऱ्या दिवशी तिने स्पष्टच सांगितलं, "अय्यो, कॉफीची चव जाईल!" शेवटी सतीशकुमारने फोनवर पाहून रजिस्टर स्वतःच भरलं. भावनेच्या रकान्यात त्याने 'उन्हासारखी' असं लिहिलं. रघोजींच्या सहीची जागा तेवढी कोरी राहिली, आणि फळं शीतपेटीत कुलपात राहिली.

सप्ताह सुरू झाला. रघोजींनी नेहमीसारखं चिंचेचं सार केलं, चिंचेचं आंबट वरण केलं आणि दह्याचा दही-भात केला. यात त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही.

सात दिवसांत पाहुण्यांनी अभिप्रायाची दोनशे बारा कार्डं भरली. त्यांचं पृथक्करण असं. बर्गमॉटचा सुगंध 'अत्यंत तरल' वाटलेले एकशे सत्याण्णव. तो किंचित जास्त झाला, पुढच्या वेळी हात आखडता घ्यावा, असं सुचवणारे अकरा. एसी नीट चालत नाही म्हणणारे तीन. एकाने नुसताच फोन नंबर लिहिला होता. त्या एकशे सत्याण्णवांतल्या एका बाईंनी लिहिलं होतं की इटलीत त्यांनी खाल्लेलं बर्गमॉट याच्यापुढे काहीच नव्हतं, आणि काटेकोरपणे पाहिलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं ठरवता येत नाही.

सातव्या दिवशी रघोजींना राहवेना. ते सतीशकुमारच्या केबिनमध्ये गेले.

"सतीशा, एक सांगतों. फळ मी घातलंच नाही."

सतीशकुमारने कार्डांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "मग हे एकशे सत्याण्णव जण काय खोटं बोलतात? यांत दोन प्रोफेसर आहेत."

"चिंच आहे रे ती. नुसती चिंच."

"मामा, तुम्ही चाखलं कां?"

"नाही."

"मग कशावरून सांगतां?"

रघोजी केबिनबाहेर पडले. ते घरी गेले, जेवले नाहीत. "उद्यां मुख्यालयाची बाई येते," ते गंगाबाईला म्हणाले. "तिची जीभ परीक्षा पास झालेली आहे म्हणतात. पाटी जाणार बघ."

"गेली तर गेली," गंगाबाई म्हणाली. "मी दोनदा बघितली की."

पण तिनेही पानावरचा भात नुसता चिवडला.

मुख्यालयाची बाई म्हणजे हरिता. वय चौतीस, हुद्दा सहायक उपाध्यक्ष (चव). तिचे आजी-आजोबा याच गल्लीतले. ती चेन्नईत वाढली, मराठी सगळं कळे, बोलताना तेवढी अडखळे. येताना तिने मखमली डबीत स्वतःचा चांदीचा चमचा आणला होता. स्वयंपाकघरात बसून तिने तिन्ही पदार्थांचे तीन-तीन चमचे घेतले. तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. (तज्ज्ञांचा चेहरा असाच असतो, असं सतीशकुमार हनुमंतरावांच्या कानात म्हणाला.) मग तिने फळं मागवली आणि रघोजी सोडून सर्वांना बाहेर पाठवलं.

"आठ आले होते," ती हळूहळू म्हणाली. "आठच आहेत."

"होय, बाई. मी घातलं नाही. सार चिंचेचं आहे. सतीशाला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. काय लिहायचं तें लिहा."

हरिता खूप वेळ चमचा डबीत बसवत राहिली. तो बसेना.

"मामा, मज कळलं नसतं," ती म्हणाली. "दोन वर्षांमागं ताप आला. तेव्हांपासून वास येत नाही. कॉफी गरम आहे हें कळतं. कॉफी आहे हें कळत नाही."

"मग हें काम कसं करतां?"

"जुने रिपोर्ट वाचून नवे लिहितें."

"जुने कुणी लिहिले?"

"मीच."

रघोजी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचं सार चाखलेलं नाही, हे त्यांनी तिला सांगितलं. "पोय!" ती म्हणाली, म्हणजे तमिळमध्ये थाप, आणि दोन वर्षांत बहुधा पहिल्यांदाच कामावर असताना मोठ्याने हसली. बाहेर कान लावून उभ्या असलेल्या सतीशकुमारला वाटलं, आपलं काम झालं. आणि ते झालंच होतं, फक्त त्याला वाटलं त्या कारणाने नव्हे.

"मज सांगा ना," हरिता म्हणाली. "कसं आहे तें फळ?"

रघोजींनी एक बर्गमॉट उचललं. देवाला न चालणाऱ्या वस्तूचा एक फायदा असतो, ती मनसोक्त हुंगता येते. त्यांनी सालीवर नख ओढलं, डोळे मिटले आणि चाळीस वर्षं वाफेवर भागवलेलं नाक पहिल्यांदा मोकळं सोडलं.

"आधी नारत्तंगायचं पान चुरडल्यासारखं," ते म्हणाले. (नारत्तंगाय म्हणजे इथल्या परसांत होणारं, मीठ भरून वाळवायचं जाड सालीचं लिंबू.) "मग लग्नांत अत्तरदाणी फिरते बघा, ती शेजारच्यापर्यंत आली आणि आपल्यापर्यंत यायची आहे, तेवढं. आणि मागाहून थोडं कडू. माहेराहून निघालेली मुलगी दारांत हसते, तसं."

हरिता लिहीत होती. भावनेचा रकाना पुरला नाही, तिने समासात लिहिलं.

तो मजकूर मुख्यालयाला इतका आवडला, की तो कंपनीच्या चौदाही हॉटेलांच्या कार्डांवर छापला गेला. अहवालात आणखी एका गोष्टीचं कौतुक होतं : दोनशे बारा पाहुण्यांमागे फळाचा वापर शून्य. इतर तेरा हॉटेलांनी बर्गमॉटचा वापर टप्प्याटप्प्याने तंजावरच्या पातळीवर आणावा, असं उद्दिष्ट ठरलं. रघोजी एकतीस तारखेला कायम झाले आणि त्यांच्याकडे सर्व हॉटेलांचं 'चवप्रमुख' हे जादा काम आलं, चाखण्याच्या अटीतून खास सवलतीसह. हरिताची जागाही टिकली. आता ती दर हंगामाला फळ घेऊन तंजावरला येते, आणि मामा हुंगतात. पाटीला चार स्क्रू बसले. त्या दिवशी गंगाबाई तिसऱ्यांदा रिक्षा करून आली आणि सतीशकुमारकडून पेचकस मागून घेऊन तिने एक स्क्रू स्वतः आणखी घट्ट केला.

आठ फळं उरली होती. ती कुठल्याच रकान्यात बसेनात, म्हणून हरिताने ती रघोजींबरोबर घरी पाठवली. घरात आलेल्या कोणत्याही आंबट फळाचं गंगाबाई जे करते, तेच तिने केलं. तुकडे न पडू देता गोल गोल चिरलं, फटीत मीठ भरलं, तीन दिवस बरणीत मुरवलं आणि गच्चीवर उन्हात टाकलं. वाळल्यावर एक तुकडा दही-भाताबरोबर तोंडात घातला. नवरा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कसं आहे?"

तिने नीट चावलं. "कडू आहे. आपलं नारत्तंगाय बरं."

या संपूर्ण उपक्रमात बर्गमॉट प्रत्यक्ष खाल्लेली ही एकमेव व्यक्ती. तिचं मत रजिस्टरमध्ये नाही, कारण ती कर्मचारी नाही.

काही चोखंदळ वाचकांना हे मत अडाणीपणाचं वाटेल. त्यांची गोष्ट वेगळी आहे. चुरडलेलं पान, शेजारच्यापर्यंत आलेली अत्तरदाणी, दारातलं ते हसू, हे वाचताना त्यांनी मान डोलावली होती आणि 'अगदी अस्संच असतं' असं मनात म्हटलंही होतं. अशा जाणकारांसाठी हॉटेलाने रजिस्टरचं पुढचं पान कोरं ठेवलं आहे. येऊन सही तेवढी करायची. चाखायची सक्ती नाही.