काळा रंग फक्त संक्रांतीला

एका जंगलात, बाळांनो, चक्क कचेरी होती. हसताय काय? जंगलात सगळं असतं, झाडं तेवढी कमी होत चाललीत.

कचेरीत भेकरबाई टायपिंग करायच्या. भेकर म्हणजे लहानसं, घाबरट हरिण. रोज संध्याकाळी त्या कॉम्प्युटरवर एक सूचना टाइप करत. उद्या सिंहमहाराजांच्या जेवणाला कोण, त्याचं नाव लाल अक्षरात. त्याखाली टाइप करणाऱ्याचं नाव आणि शेवटी महाराजांचं, ही दोन्ही काळ्यात. ज्याचं नाव लाल, त्याला लांडगा घेऊन जाई. कायदाच तसा होता.

पडद्यावरच्या पट्टीत रंगाची दोन बटणं होती, एक लाल, एक काळं. बाईंचं छान चाललं होतं. पण छान चाललेलं कुणाला बघवतं? बटणं सुधारायला समिती बसली. मोर अध्यक्ष, पोपट आणि वानर सदस्य.

समितीने दोन्हींचं मिळून एकच बटण केलं. शेजारी इवलासा बाण. बाण दाबला की रंगांची पेटी उघडणार. मोराने तीत मोरपंखी घातला, पोपटाने पोपटी. सरकारी सूचनेत लाल-काळ्याशिवाय तिसरा रंग चालतच नसे, पण पेटी कशी भरलेली दिसली पाहिजे! मग वानराने, स्वतःचं तोंड काळं असूनही, काळ्याला हरकत घेतली. नव्या बटणाचा शुभारंभ, त्यात काळं कसं चालेल? शेवटी काळा 'सणवार'मध्ये गेला. तो फक्त संक्रांतीला उघडणार.

भेकरबाई धावत गेल्या. लाल लिहून झालं की काळ्यावर परत यावं लागतं, नाहीतर पुढचं माझंच नाव लाल होईल, असं त्यांनी परोपरीने सांगितलं.

"होईल हो सवय," मोर म्हणाला.

झालं! त्या संध्याकाळी रानडुकराचं नाव लाल उमटलं, आणि त्याखालचं बाईंचंही. लांडग्याने त्यांना दरबारात नेलं. 

"महाराज," त्या कशाबशा म्हणाल्या, "माझ्या खालचंही नाव वाचा."

महाराजांनी वाचलं आणि त्यांना घाम फुटला. सूचना तिथल्या तिथे रद्द झाली. महाराजांनी शिळ्यावर भागवलं. बटणही ताबडतोब सुधारलं. यापुढे महाराजांचं नाव आपोआप काळं उमटणार होतं. बाकीच्यांचं आहे तसंच.

भेकरबाई टेबलाशी बसून रडल्या. आज सूचना टाइप केली की उद्या आपण संपलो, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात मोर डोकावला. इतकं सुंदर बटण केलं, तर सूचनेखाली समितीची नावं नकोत का, असं त्याचं म्हणणं. बाई म्हणाल्या, जागा नाही.

"मग तुमचं काढा. टाइप करणाऱ्याला कसलं आलंय श्रेय?"

"बरं," भेकरबाई म्हणाल्या, आणि सांगितलं तसंच त्यांनी केलं.

दुसऱ्या दिवशी महाराज पोटभर जेवले. दरबार झाडणाऱ्याला पिसं गोळा करता करता पुरेवाट झाली.

तात्पर्य : वरिष्ठांची आज्ञा अक्षरशः पाळावी.