बदबाडला जाणारी गाडी

बुधवारी दुपारी नेमगाव स्टँडवरून मनमाडला निघालेली गाडी बदबाडला पोहोचली, कारण मंदाकिनी निमसे यांचं नाक चोंदलं होतं.

यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. आमच्या स्टँडवरची गाडी माइकवर पुकारलेल्या गावाला जाते, मग पाटी काहीही असो. त्यातही गाड्या फक्त निमसेबाईंचंच ऐकतात. बाई रजेवर असल्या की गाड्या धुऊन घेतात. त्यांचा उच्चार इतका स्वच्छ, की आजवर कधी प्रश्न आला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी कँटीनमधली कॉफी घेतली, लागोपाठ शिंका दिल्या आणि माइक ओढून म्हणाल्या, "बदबाडला जाडारी गाडी फलाट क्रबांक चारवर लागली आहे." मी शेजारीच चौकशी खिडकीत बसतो. मला ऐकू आलं होतं, पण बाईंच्या कामात नाक कोण खुपसणार?

संध्याकाळी तांबोळी ड्रायव्हरचा फोन आला. बदबाड चांगलं गाव आहे, रस्ते रुंद आहेत, माणसं प्रेमळ आहेत, पण परत यायची पंचाईत झाली आहे, असं तो म्हणाला. गावच चोंदलेल्या नाकातून निघालेलं, त्यामुळे तिथे सगळ्यांचीच नाकं जन्मापासून बंद. आणि तिथल्या गाड्यांचा नियमही आमच्यासारखाच, पुकारल्याशिवाय हलायचं नाही. तिथल्या माणसाने नेमगाव पुकारलं की देबगाव होतं. देबगावला जाऊन आणखी घोळ वाढवण्यापेक्षा तांबोळी प्रवाशांसह तिथेच थांबला. शहाणा माणूस.

त्या गाडीत निमसेबाईंची आई होती. भागूबाई मनमाडला धाकट्या बहिणीकडे निघाल्या होत्या. बातमी कळल्यावर बाई माइकसमोर बसून रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "या नाकावर टिच्चून आणीन मी तिला."

आगारप्रमुख खैरेसाहेबांनी प्रकरण गांभीर्याने घेतलं. ड्यूटीवर कॉफी पिण्यास मनाई करावी, असं त्यांचं मत पडलं. बाईंनी शांतपणे दाखवून दिलं, की चोंदलेल्या नाकातून निघालेलं गाव चोंदलेल्या नाकानेच पुकारावं लागतं, कॉफी बंद झाली तर ते पुन्हा कुणाला पुकारता येणार नाही, आणि तिथे गेलेली माणसं तिथेच राहतील. साहेबांनी विचार केला आणि कॉफी हे कार्यालयीन काम असल्याचं मान्य केलं. फक्त नाक आपल्या ताब्यात हवं, असं ते म्हणाले. इथे बंद, तिथे उघडं.

त्यासाठी बाई डॉक्टर शेवड्यांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, गरम कॉफीच्या वाफेने कुणाचं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कुणाचं उलट गळायला लागतं, कुणाला शिंका येतात. दोष कॉफीचा, दुधाचा की वरच्या जायफळाचा, ते एकेक गोष्ट वगळून पाहिल्याशिवाय कळणार नाही. बाई लगेच कामाला लागल्या. बिनदुधाची, बिनजायफळाची काळी कॉफी घेतली, तर नाक लख्ख उघडलं आणि मनमाड मनमाडच राहिलं. दूध घातलं, तर एकच नाकपुडी मिटली आणि तोंडातून मनबाड बाहेर पडलं. सुदैवाने फलाटावर गाडी नव्हती. वर जायफळ किसलं मात्र, दोन्ही नाकपुड्या गपकन मिटल्या.

मग बाईंनी जायफळाची कॉफी घेतली, बदबाडची गाडी पुकारली आणि काळ्या कॉफीचा थर्मास काखोटीला मारून स्वतःच गाडीत चढल्या. मीही सोबत गेलो. उद्या खिडकीवर कुणी बदबाडबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला नको का?

गाव खरोखरच चांगलं होतं. अडचण एवढीच, की तिथे 'न' नाही, त्यामुळे 'नाही' नाही आणि 'नको'ही नाही. पुढे केलेली वस्तू घ्यावीच लागते. उतरल्या उतरल्या एका गृहस्थांनी बाईंपुढे जायफळाच्या कॉफीचा कप धरला. बाईंनी थर्मासमधली काळी कॉफी आधीच पिऊन नाक मोकळं केलं होतं. त्या खणखणीत "नको" म्हणाल्या. गृहस्थांनी बायकोकडे पाहून विचारलं, "काय बोलली ही?" बायकोलाही कळलं नाही. त्यांनी कप बाईंच्या हातात दिलाच. बाईंनी तो घट्ट धरून ठेवला, पण ओठाला लावला नाही. तसाच धरून त्यांनी माइक गाठला आणि नेमगावची गाडी पुकारली. तांबोळीने गाडी सुरू केली, त्याच्यामागे आमच्या ड्रायव्हरनेही केली. अडकलेले प्रवासी भराभर चढले.

भागूबाई चढल्या नाहीत. त्या सावलीत आरामखुर्चीवर बसल्या होत्या. पायात कुणीतरी दिलेल्या नव्या चपला होत्या, हातात सायीसकट जायफळाची कॉफी. या बाईंना मी वर्षानुवर्षं ओळखतो. साय नको, तुम्ही घ्या. खिडकीची जागा नको, पोरांना बसू दे. नवं लुगडं कशाला, आहे ते काय वाईट आहे? त्यांच्या हातात भरलेला कप मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आई, चल. गाडी लागलीय," निमसेबाई म्हणाल्या.

"दको," भागूबाई म्हणाल्या.

निमसेबाई खाली बसल्या. त्यांनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. घरी तुला कोण काय कमी करतं, असं त्यांनी विचारलं.

"कोडी काही दाही केलं, पोरी. बीच सगळ्याला दको दको करत आले. इथे ते कोडाला कळतच दाही." भागूबाईंनी घोट घेतला. "तू जा. बी इथे बरी आहे."

निमसेबाईंना हे पटलं नाही. त्या पुन्हा चल म्हणाल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या. तांबोळीने हॉर्न दिला. इतकी वर्षं भागूबाई जे नको म्हणत आल्या ते त्यांना हवंच असायचं, आणि हे एक नको खरं होतं, हे मुलीला कळायला हॉर्न आणखी एकदा वाजवावा लागला. मग त्या उठल्या, आईची साडी नीट केली आणि गाडीत येऊन बसल्या. नेमगाव येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

खैरेसाहेबांनी फेरी कायम केली. दर बुधवारी निमसेबाई जायफळाची कॉफी घेतात, बदबाडची गाडी पुकारतात आणि स्वतः जाऊन आईला भेटून येतात. मला खिडकीवर आता बदबाडखेरीज फारसं कुणी काही विचारत नाही. जाताना गाडी तुडुंब भरलेली असते. बहुतेक आयाच असतात. परतीला मात्र हवी तिथे जागा मिळते.