फोनला भूल देणारे डॉक्टर

लंडनच्या हॅरो भागात आमच्या शेजारी राहणारे डॉक्टर लिमये फोनला भूल देतात.

जन्मभर त्यांनी इथल्या हॉस्पिटलांत माणसांना भूल दिली. निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलावर एक उशी आणि नॅपकिन, एवढंच ऑपरेशन थिएटर उरलं. माझी मुलगी मुक्ता लीड्सला युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी दोन विषयांत नापास झाली, तेव्हा सुट्टीत मी तिला त्यांच्याकडे अभ्यासाला धाडलं. ऑगस्टमध्ये रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा होती. तीही गेली तर वर्ष गेलं.

"पेशंट ठेव," डॉक्टर म्हणत. मुक्ता फोन उशीवर ठेवी. "आता दहापासून उलटं मोज."

"दहा, नऊ, आठ, सात..."

फोन बंद. "सातच्या पुढे कुणी जात नाही," ते अभिमानानं सांगत आणि नॅपकिन त्याच्या गळ्यापर्यंत ओढत. फोनचा गळा कुठे असतो, हे त्यांनाच ठाऊक.

"आजोबा, उठवा ना त्याला आता!"

"घाई नको. शुद्धीवर येईपर्यंत मी जागचा हलत नाही."

सोशल मीडियानं पोरगी बिघडवली, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. एका दुपारी तिला न्यायला गेलो. डॉक्टरांनी फोन चालू केला आणि तो उशीवर थरथरतच राहिला.

"रोज हेच," डॉक्टर म्हणाले. "मैत्रिणींचे चार मेसेज. बाकी एकच गृहस्थ. सुप्रभात, मांजराचा व्हिडिओ, 'अभ्यास करतेस ना?', 'उत्तर का देत नाहीस?'"

गृहस्थ मी होतो.

"बाबा, रिप्लाय नाही केला तर तू कॉल करतोस," मुक्ता हळूच म्हणाली. "लेक्चरमध्येपण."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे मी चुकीच्या पेशंटला भूल देत होतो."

त्या दिवसापासून मी गप्प राहिलो. सोपं नव्हतं. मुक्ता पास झाली, लीड्सला परत गेली.

पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेलो. उशी टेबलावर तशीच होती, वर नॅपकिनची घडी.

"झोपण्याआधी माणसं शेवटचं माझ्याशी बोलायची," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "डोळे उघडले की पहिला चेहरा माझा. आता या घरात कुणी झोपत नाही, कुणी उठत नाही."

बाहेर मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी संथ सरकत गेली. मी खिशातून फोन काढून उशीवर ठेवला.

"दहा," मी म्हणालो. "नऊ."

डॉक्टरांनी नॅपकिन उलगडला आणि जुन्या सवयीनं माझं मनगट धरलं.

आठनंतर मी मुद्दाम खूप वेळ लावला.