मामांची दाद

विक्षिप्त पात्र लिहावं तर मीच, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच माती खाल्ली.

आमचं ऑफिस व्हिडिओ गेम बनवतं. नव्या गेममध्ये एक नाट्यदिग्दर्शक होता. खेळणाऱ्याने त्याच्यासमोर रंगमंचावर एन्ट्री घ्यायची, त्याने दाद दिली की मागचं दार उघडतं आणि गेम पुढे सरकतो. तेवढ्यापुरतंच त्याचं काम.

पात्र घरातच होतं. माझे मामा चाळीस वर्षं नाटकं बसवताहेत. गळ्यात शिट्टी, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं शिपाई, दरवान आणि एकदा झाड झालो होतो. त्यामुळे त्यांची बोलणी मला तोंडपाठ. "तू आलास, की नुसतं दार वाजलं?" हे तर रोजचं. मी सगळी लिहून काढली आणि मामांनीच त्यांना आवाज दिला.

सोमवारी गेम तपासायला घेतला. दुपारपर्यंत अख्खं ऑफिस मामांपुढे अडकून पडलं. एकाचीही एन्ट्री पास होईना.

"अरे, पण हे खूश झाले की म्हणतात काय?" साहेबांनी विचारलं.

मी फाइल उघडली. बोलणी दोनशे बारा, दादेची जागा कोरी. मी ती लिहिलीच नव्हती. अकरा वर्षांत एकदा जरी ऐकली असती, तर लिहिली असती ना!

"पाचपर्यंत त्यांच्याकडून ती दाद आण. नाहीतर तुझी एक्झिट," साहेब म्हणाले. नोकरीची भीती होतीच. पण खरं सांगतो, उत्सुकता त्याहून मोठी होती. काय बरं म्हणत असतील मामा?

मामा रेकॉर्डिंगच्या खोलीत येऊन बसले.

"मामा, फक्त 'छान' म्हणा."

"कोणाला?"

"कोणालाही."

"कोणीच काही केलं नाही, तर छान काय डोंबल म्हणू? आत या एकेक जण."

पहिले साहेब गेले. "हा नळ दुरुस्त करायला आलाय का?" मामांनी विचारलं. साहेब हट्टाला पेटले, नऊ वेळा आत गेले. मग हिशेबनीस, स्वागतिका, पहारेकरी. दाराबाहेर रांग लागली. प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं.

पाच वाजले. मामींचाही फोन आला. मी दार ढकललं आणि रेकॉर्डिंगवाल्याला म्हणालो, "बंद कर रे सगळं. मामा, घरी चला. माझी नोकरी गेली."

मामांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

"आलास," ते हळूच म्हणाले. "आत्ता कुठे खरा आलास."

मग सगळ्यांनी रेकॉर्डिंगवाल्याकडे पाहिलं.

"बंद कर म्हणालात, म्हणून केलं," तो म्हणाला.

मी पुन्हा चौदा वेळा आत आलो. चौदाही वेळा नुसतं दार वाजलं.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. सतरा एन्ट्र्या झाल्या की गेममधले मामा वैतागून चहाला जातात आणि दार उघडंच राहतं. माझी नोकरी वाचली. आता खेळणारे रोज पत्रं लिहून विचारतात, हे गृहस्थ खूश झाल्यावर म्हणतात तरी काय? मी प्रत्येकाला खरं ते कळवतो. पण कोणाचा विश्वास बसत नाही. खात्रीसाठी मामांनाच विचारा म्हटलं, तर ते म्हणतात, "मी? असं कधी म्हणालो?"