एक वॉशर जास्त

"अहो, तुमच्या खिशातून विमान सांडतंय!" बायकोने न्हाणीघरातून हाक मारली.

विमानवाले अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून धावले. धुतलेले कपडे बादलीत पडले होते, सगळ्यात वर त्यांचा कारखान्याचा निळा डगला, आणि बायकोच्या तळहातावर एक वॉशर. नाण्याएवढी चकती, मधे भोक, अगदी चकचकीत.

"डगला ओढला तसा टण्णकन फरशीवर पडला," बायको म्हणाली. "आधीच मशीन आज अंगात आल्यासारखं नाचत होतं. त्यात तुमचं हे लोखंड!"

विमानवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. ते विमानाच्या कारखान्यात तपासनीस होते, म्हणून शेजारपाजारचे तसं म्हणत. ते स्वतः विमानात एकदाच बसले होते, तेही कारखान्याच्या आवारात, आणि विमान उडायच्या आत उतरलेही होते. पण तेवीस वर्षं त्यांनी विमानाचे दरवाजे तपासले होते. चौकट बघायची, बोल्ट बघायचे आणि कागदावर 'तपासले' असा शिक्का मारायचा. शिक्क्यावर त्यांचा नंबर असे, सत्तेचाळीस.

घरात मात्र या शिक्क्याला सध्या कवडीची किंमत नव्हती. एकुलती एक लेक सातासमुद्रापलीकडे, बाळंतपण दीड महिन्यावर, आणि तिच्या आईने जाहीर केलेलं की मी विमानात पाऊल टाकणार नाही. पेपरात रोज काही ना काही येई. कुठे उडत्या विमानाचं झाकण निसटलं, कुठे कारखान्यात घाई चालते म्हणून चौकशी बसली. बायको ते सगळं कात्रीने कापून फ्रिजवर जमवत होती. रात्री फोनवर लेक रडायची आणि इकडे आईही रडायची, पण तिकिटाचं नाव निघालं की आई डोळे पुसून गप्प बसायची.

"आमच्याकडे बोर्ड आहे, बोर्ड!" विमानवाल्यांनी मागच्याच आठवड्यात तिला समजावलं होतं. "सलग दोनशे दिवस एकही तक्रार नाही. एकसुद्धा!"

"शक्यच नाही," बायको म्हणाली होती. "इथं आपण दोनच माणसं राहतो, आणि एक दिवस धड जात नाही. तिथं हजार माणसं आणि दोनशे दिवस सगळं गोडीगुलाबीत? काहीतरी लपवताय तुम्ही लोक."

त्या दिवशी विमानवाल्यांना भारी राग आला होता. आज तो वॉशर हातात घेतल्यावर मात्र ते कालचा दिवस आठवू लागले. कारखान्याचा नियम होता की खिशात काही ठेवायचं नाही. काल मात्र दुपारभर ते एका दरवाजाच्या चौकटीत वाकून काम बघत होते. त्या दरवाजाला सोळा बोल्ट आणि सोळा वॉशर. त्यांतला एक इथं असेल, तर तिथं पंधराच राहिले. आणि ते विमान उद्या सकाळी गिऱ्हाइकाकडे जाणार होतं.

"टाकू का कचऱ्यात?" बायकोने विचारलं.

टाक म्हणणं किती सोपं होतं! तेवढ्यात ती पुढे सहज म्हणाली, "आणि खरं सांगा, ज्यातून हा पडलाय त्या विमानात मी बसू का?"

विमानवाल्यांनी उरलेली दाढी केलीच नाही.

कारखान्यात फोरमनने वॉशर बोटांत धरला, डोळ्यासमोर नेला आणि भोकातून विमानवाल्यांकडे पाहिलं. "काका, हा कुठं सापडला?"

"घरी. कपडे धुवायच्या मशीनपाशी."

"मग घरीच ठेवायचा ना! इथं कशाला आणलात?" फोरमनने दाराकडे बोट केलं. दारावर बोर्ड होता: 'आज दोनशे अकरावा दिवस. एकही तक्रार नाही.' "अडीचशे झाले की मोठे साहेब सगळ्यांना जेवण देणार आहेत. तुमच्या एका चकतीपायी हजार माणसांच्या तोंडचा घास काढणार का?"

विमानवाले स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपर कागदाचा पक्का. त्याने दोन फॉर्म पुढे केले. "वस्तू हरवली असेल तर हा पिवळा. सापडली असेल तर हा हिरवा."

"हरवलीये तिकडे, सापडलीये इकडे."

"मग पिवळा चालणार नाही, कारण हरवल्याची कुणाची तक्रार नाही. हिरव्यात वस्तू सापडली ते खातं लिहावं लागतं. न्हाणीघर हे खातं आपल्याकडे नाही." त्याने क्षणभर खरोखरच विचार केला. "रंगकाम लिहू का? तिथंही पाणी असतं."

आपण वेडे तर नाही, असं विमानवाल्यांना वाटायला लागलं. सगळेच भले लोक होते. कुणी दमदाटी करत नव्हतं, कुणी खोटं बोल म्हणत नव्हतं. फक्त जो तो त्यांना अगदी प्रेमाने घरचा रस्ता दाखवत होता.

शेवटी ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "हा आपल्याच दरवाजाचा आहे, अशी खात्री आहे तुमची?"

"नाही साहेब. खात्री नाही, म्हणून तर आलोय."

"आणि दरवाजा उघडला, आतलं अस्तर काढलं आणि सगळं जागच्या जागी निघालं तर? विमान उद्याचं परवावर जाईल. बोर्ड शून्यावर येईल. लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणू देत. साहेब, माझ्या बायकोने विचारलंय, मी बसू का त्यात म्हणून. मला उत्तर देता आलं नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "लिहून द्या." विमानवाल्यांनी लिहून दिलं. सापडल्याचं ठिकाण: न्हाणीघर.

दुपारी दरवाजाचं अस्तर उतरलं. भोवती ही गर्दी! काम थांबलं की माणसं कुठून गोळा होतात देव जाणे. जाडा फिटर बॅटरी घेऊन आत वाकला आणि मोठ्याने मोजू लागला. चौदा, पंधरा, सोळा. सोळाच्या सोळा वॉशर जागेवर होते.

"झालं समाधान?" फोरमन म्हणाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, "काका, आता घरी जाऊन बादल्या मोजा." विमानवाल्यांना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

पण जाडा फिटर अजून वाकलेलाच होता. तो बाहेर येईना.

"काय रे?" फोरमनने विचारलं.

"वॉशर आहेत," फिटर हळू आवाजात म्हणाला. "पण नट सैल होऊ नये म्हणून त्याच्यात पिन घालतो ना आपण? खालच्या तीन नटांना पिनाच नाहीत."

तीन पिना नाहीत म्हणजे रोजच्या हादऱ्यांनी नट फिरत जाणार, आज नाही तर सहा महिन्यांनी. फोरमनने कामाचा कागद मागवला. पिना घातल्याच्या ओळीवर फिटरची सही होती आणि सहीखाली ठळक शिक्का: तपासले, सत्तेचाळीस.

विमानवाले त्या आकड्याकडे बघत राहिले. आठवत सगळं होतं. जाडा फिटर तेवीस वर्षांचा सोबती, त्याचं काम काय बघायचं, म्हणून त्यांनी वरचे नट पाहिले होते आणि खालच्यांसाठी गुडघे टेकले नव्हते. आणि फिटर सुट्टीची घंटा झाली तेव्हा मनात म्हणाला होता, राहिलं असेल काही तर पुढे काका आहेतच. एकमेकांवर इतका विश्वास की मधल्या मधे तीन पिना राहून गेल्या.

"माझी चूक आहे," विमानवाले म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"माझीही," फिटर म्हणाला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा न्हाणीघरात मशीन बंद उभं होतं. ड्रम हलू नये म्हणून फटीत घडी घालून घालून जाड केलेला कागद कोंबलेला. "मेकॅनिक आला होता," बायको म्हणाली. "ड्रम ज्या बोल्टावर बसतो ना, त्याचा वॉशर निसटलाय म्हणे. म्हणून नाचत होतं. एवढी चकती असते, म्हणाला, कुठं पडली असेल तर शोधून ठेवा. मी म्हटलं, ती तर आमचे हे घेऊन गेले. कुठाय?"

विमानवाले मटकन स्टुलावर बसले. "ती आता मिळायची नाही. पिशवीत घालून सील केलीये. वर तीन सह्या आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोळा वॉशर, तीन पिना, आणि सत्तेचाळीस नंबरसुद्धा. तो सांगताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. लेकीच्या बाळंतपणाला आता हिचं जाणं कायमचं बुडालं, हे त्यांना कळून चुकलं होतं. तेवीस वर्षं ज्या शिक्क्यावर जगलो, त्याची आपणच अशी शोभा केली.

बायको ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती उठली आणि फ्रिजपाशी गेली. तिथं एकही कात्रण नव्हतं. मशीनमध्ये कोंबलेला कागद कसला होता, ते विमानवाल्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"बोर्डावर आता किती दिवस आहेत?" तिने विचारलं.

"शून्य. आणि उद्यापासून सगळ्या विमानांचे दरवाजे पुन्हा उघडणार आहेत. शून्यच राहील बरेच दिवस."

"मग काढा तिकीट," बायको म्हणाली. "घरात कुणी काही बोललंच नाही की मला धास्ती वाटते. भांडणं व्हायला लागली म्हणजे माणसं आता बघायला लागलीत."

विमानवाले लेकीला फोन लावायला उठले.

"आणि उद्या येताना मशीनला एक वॉशर आणा," बायको मागून म्हणाली. "दुकानातला आणा हं. कारखान्यातला नको, तिथं आता मोजतात."