हवेचे पापड

एकदा मी कोंबडीच्या अंड्यांना पाणी पाजलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठी नुकतीच उलटली होती आणि गुडघे अजून माझं ऐकत होते. फार शहाणी समजायची ती तेव्हाची बाई, म्हणजे मीच, स्वतःला. कुंभारवाड्यात कुणाचं पोर रडलं, कुणाची गाय हंबरली, कुणाला घेरी आली, की तिचं औषध ठरलेलं: "आधी पाणी द्या गं!" आणि तांब्या घेऊन स्वतःच धावायची.

अंडी होती आमच्या शेजारच्या मष्णू भावजींची.

भावजींच्या सदऱ्याच्या खिशात बारा महिने एक पापड असे. उडदाचा, न भाजलेला. कुणाशी बोलायच्या आधी ते त्याचा नखाएवढा तुकडा मोडून बघत. कट्कन मोडला तर मान डोलावून म्हणत, "कोरडी हाय." लवला, मोडलाच नाही, की चेहरा पाडत, "हवा प्यालीया आज." लग्नात अक्षता पडायच्या आधी हेच, पंचायतीच्या सभेतही हेच. एका मयताच्या घरीसुद्धा त्यांचा हात खिशाकडे चालला होता, तो आमच्या ह्यांनी वरच्या वर धरून ठेवला. बोलणं संपलं की कानडीत "साकु", म्हणजे पुरे, म्हणायचे आणि उठायचे. मग त्यांना बसवून घ्यायची कुणाची टाप नव्हती.

पापडांचा डबा चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. त्यांची बायको पारू जायच्या आधी लाटून गेली होती ते. मी एकदा म्हटलं, "भावजी, दोन तळू का? पेजेबरोबर बरे लागतील."

डबा छातीशी धरून म्हणाले, "ह्ये खायाचं न्हाईत, वैनी. ह्ये हवेचं हायत."

पारूच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या छातीत पाणी साठायचं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. भावजी त्यावर कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

अंडी उबवायला त्यांच्या पडवीत एक बंद पडलेला फ्रीज होता. जन्मभर गारवा दिलेल्या त्या पेटीत आता बल्ब जळत होते. वर हवेला भोक, खाली पाण्याच्या थाळ्या. उन्हाळ्यात थाळ्या भरलेल्या, आणि आमच्याकडच्या पावसात, जेव्हा भिंतीसुद्धा घामेजतात, तेव्हा थाळ्या ठणठणीत कोरड्या. अंड्यातलं पाणी हळूहळू उडालं पाहिजे, तरच बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते, असं त्यांचं सांगणं.

"कवच फोडायच्या आदी पोराला आतच पयला श्वास घ्यावा लागतोय, वैनी. जागाच न्हाई गावली तर बुडून मरतंय."

"अंड्यात कोण बुडतंय, भावजी?" म्हणून मी पदर तोंडाला लावून हसायची.

शिवाय प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी. गावठी अंडं बारकं, लवकर सुकतं, म्हणून ते खालच्या कप्प्यात. गिरिराजाचं दांडगं, पाणी सोडायला तयार नाही, म्हणून ते वर, भोकाजवळ. कडकनाथ मध्ये. चोच कवचाला लागली की मगच थाळीत पाणी, पिल्लू वाळक्या पडद्याला चिकटू नये म्हणून. नव्या सुनेला घर दाखवावं तसं त्यांनी मला हे सगळं दाखवलं होतं. मी "व्हय, व्हय" म्हणत मनात वालाच्या शेंगा सोलत होते.

त्या पावसाळ्यात पारूची शेवटची तुरेवाली कोंबडी मुंगसाने नेली. पारूने माहेराहून आणलेल्या कोंबड्यांचा वंश तो. मागे राहिली होती तिची थोडी अंडी. भावजींनी ती गिरिराजाच्या आणि कडकनाथच्या अंड्यांबरोबर फ्रीजमध्ये ठेवली. आणि नेमका तेव्हाच त्यांना मोतीबिंदू काढायला जावई बेळगावला घेऊन गेला.

जाताना ते मला बजावून गेले, "सकाळ-दुपार-सांज अंडी फिरवा. थाळ्यांना हात लावू नका. साकु."

बाहेर पाऊस कोसळत होता. मी फ्रीजचं दार उघडलं, तर आतून धग आली. बल्ब जळताहेत, थाळीत थेंब नाही. माझा जीव तुटला. म्हटलं, पुरुषमाणूस, विसरला असेल. सगळ्या थाळ्या काठोकाठ भरल्या. दुसऱ्या दिवशीही. भावजी येईपर्यंत रोज. वर स्वतःवर खूश!

भावजी काळा चष्मा लावून परतले. घरात शिरायच्या आधी फ्रीजच्या दारात पापड धरला. तो ओल्या फडक्यासारखा लोंबला. डोळ्याला उजेड चालत नव्हता, म्हणून बॅटरी माझ्या हातात दिली आणि अंडं धरून आत बघायला सांगितलं.

"पोकळी केवडी दिसतीया?"

"करंगळीच्या नखाएवढी."

"दुसऱ्यात?"

"तेवढीच." मग मीच म्हटलं, "भावजी, मला वाटलं, तहानली असतील."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपडत थाळ्या पुसल्या, कढईत मीठ भाजून कोरडं केलं, थाळ्यांत पसरलं. वरचं भोक पुरं उघडलं. नंतरचे दिवस ते फ्रीजला कान लावून बसून राहिले.

गिरिराजाच्या अंड्यांतून आधी टकटक आली, मग ती थांबली. एकही फुटलं नाही. कडकनाथची दोन-चार निघाली. पारूच्या कोंबडीच्या अंड्यांपैकी एकाच अंड्याला चीर गेली, आणि दिवस कलताना त्यातून एक भिजकं, जड पिल्लू बाहेर लोळलं. डोक्यावर ओल्या लोकरीचा बुचका.

भावजींनी ते तळहातावर घेतलं, कानाशी नेलं. मग हळूच म्हणाले, "श्वास हाय."

तिथं मला रडू फुटलं. बाकीची अंडी टोपलीत तशीच होती, थंड. भावजींनी पिल्लू बल्बखाली ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"रडू नका, वैनी. पारूला दम लागायचा तवा डाक्टर सांगून गेलता, पाणी लई देऊ नका म्हनून. पण ती पाणी म्हनली की मी देतच ऱ्हायचो. समोर जीव तळमळताना बगितला की हात तांब्याकडंच जातोय. आता साकु."