आमच्या ग्रुपमधला बासष्टावा माणूस

आमच्या सोसायटीत माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही! पाथर्डी फाट्याजवळची आमची अठ्ठावीस फ्लॅटची इमारत, आणि तिचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे 'आपला परिवार'. त्याचा अॅडमिन मी. एकमेव! गोदावरीला पूर आला, की दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलेल्या पाण्याचा फोटो सगळ्यांत आधी आमच्या ग्रुपवर पडतो, तो माझ्यामुळे. वाढदिवसाला केक, निकालाला पेढे, मयताला जोडलेले हात. चित्रं माझ्याकडे तयारच असतात. प्रत्यक्ष जाण्याची गरजच पडत नाही!

"एवढा परिवार आहे, तर वरच्या मजल्यावरच्या नियाजभाईंना किती मुलं, सांगा बघू," असं आमची पल्लवी एकदा म्हणाली.

"ते प्रोफाइलवर नाहीये," मी म्हणालो.

तर महिन्याभरापूर्वी मी ग्रुपमधली माणसं मोजत होतो. माझ्या वहीत एकसष्ट नावं, आणि ग्रुपमध्ये बासष्ट! एक नंबर असा, की ज्याला नाव नाही, फोटो नाही, ज्याने दोन वर्षांत 'शुभ सकाळ'सुद्धा टाकलेलं नाही. मी नंबर लावून पाहिला. नुसती रिंग वाजली. पण आपण काहीही टाका, मिनिटाच्या आत त्या नंबरापुढे निळ्या टिका! माझा तीन पानी पाणीकपातीवरचा लेखसुद्धा त्याने पूर्ण वाचला होता. तो लेख पल्लवीनेही वाचला नव्हता. म्हणजे नक्कीच गडबड!

"पल्लवी, आपल्यात हेर घुसलाय!"

"तुमच्या शुभ सकाळमध्ये हेराला काय मिळणार?"

पण मला जे दिसत होतं, ते तिला दिसत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या सरिताताईंनी ग्रुपवर विचारलं, "कोणाकडे गवती चहा आहे का?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कडीला गवती चहाची जुडी लटकलेली! नियाजभाईंनी लिहिलं, बायकोला, जहिदाला ताप आहे. संध्याकाळी दाराशी मऊ खिचडीचा डबा. कोणी ठेवला, पत्ता नाही.

मी जिन्यातच नियाजभाईंना गाठलं. "खाल्ली नाही ना?"

"खाल्ली की! लई भारी होती. डबा घासून दाराशी ठेवला, तासाभरात गायब!"

"अहो, ही त्यांची पद्धत असते! आधी खिचडी, मग पाहणी, मग डल्ला!"

"भाई, आमच्या घरात नेण्यासारखा एक जुना कूलर आहे. तो नेला तर मी चहा पाजीन."

माणसं किती भोळी असतात! मी परीक्षा घ्यायची ठरवली. ग्रुपवर लिहिलं, "आज माझी कंबर धरली आहे." खरं तर कंबर ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी दार उघडतो, तर उंबऱ्यावर निरगुडीच्या तेलाची बाटली! अंगावर सर्रकन काटा आला. मी रुमालाने बाटली उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर चिठ्ठी लावली, 'पुरावा', आणि कपाटात ठेवली. मग ग्रुपवर इशारा दिला: "सावधान! आपल्यात एक अनोळखी व्यक्ती शिरली आहे. दारावर लक्ष ठेवा. चोर असू शकतो!"

झालं! सोसायटीतली हवाच फिरली. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागले. सरिताताईंनी गवती चहा कुंडीत पुरला. पोस्टमनला गेटवर तीन जणांनी तीन वेळा नाव विचारलं. आणि माझी छाती मात्र फुगतच चालली.

शेवटचा डाव रविवारी टाकला. सकाळी ग्रुपवर जाहीर केलं, "आम्ही दोन दिवस सिन्नरला चाललो आहोत. घर बंद राहील." बाहेरच्या चपला आत घेतल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला आणि आम्ही दोघं आतच दबा धरून बसलो.

"कुकर लावू का?" पल्लवीने विचारलं.

"शिट्टी होईल!"

"मग जेवायचं काय?"

"चिवडा."

"त्याचा आवाज नाही होणार?"

म्हणून आम्ही चिवडा चघळून खाल्ला. नवराबायकोनं समोरासमोर बसून अर्धा तास शेंगदाणे चोखायचे, यावर पल्लवीने जी नजर माझ्यावर टाकली, ती मी इथे लिहू शकत नाही.

दुपारी बरोबर बारा वाजता बाहेर पावलं वाजली. थांबली. मग खळ्ळ खळ्ळ! कोणीतरी आमच्या दाराची कडी हलवत होतं! मी फोन तोंडाशी धरून ग्रुपवर आवाज पाठवला, "धावा! दुसरा मजला! चोर सापडला!" आणि लाटणं उगारून दार उघडलं.

"हँड्स अ..."

'प' तोंडातून निघालाच नाही. फरशीवर पाणी होतं. माझे दोन्ही पाय दोन वेगळ्या दिशांना निघाले आणि मी आमच्याच कोरफडीच्या कुंडीवर आदळलो! कंबर कडकडली. यावेळी खरोखर.

समोर एक सत्तरीच्या आजी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. समोरच्याच दारातल्या! रोज लिफ्टमध्ये भेटतात, म्हणजे मी फोनमध्ये बघत असतो तेव्हा शेजारी कोणाचं तरी हिरवं लुगडं असतं, तेवढी ओळख.

"काय व्हयनं भाऊ? तुम्ही तं सिन्नरले जायेल व्हतात ना?" त्या घाबरून म्हणाल्या. "झाडं सुकतीन म्हनीसन पानी टाकी ऱ्हायनू. कुलूप दिसनं नई, म्हनीसन कडी हालाई दखी."

"तुम्ही... तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी कनवटीचा फोन काढला. तोच नंबर! तानुबाई. मूळच्या नामपूरच्या, बोली अहिराणी. मुलगा किशोर पुण्याला नोकरीला, आई इथे एकटी.

"पण ग्रुपमध्ये तुम्हाला टाकलं कोणी?" मी जमिनीवरूनच दरडावलं.

"तुम्हीच! दोन वरीस व्हयनात. किशोरनी नंबर दिधा, तुम्ही मान बी वर करी नई, तसंच टाकी दिधं."

"मग कधी काही लिहिलं का नाहीत? मी फोन केला तर उचलला का नाही?"

"माले वाचता येस भाऊ, लिखता येत नई. आन् अनोळखी फोन उचलू नको, आसं तुम्हीच तं लिखेल व्हतं."

लिहिता येत नाही म्हणून त्या करून मोकळ्या होत होत्या. गवती चहा, खिचडी, तेल. पुढचं ऐकून तर मला फरशीत शिरावंसं वाटलं. चोराचा इशारा वाचल्यापासून आठ दिवस त्या दार किलकिलं करून बसल्या होत्या, आमच्या घराची राखण करत!

"तुम्हनं बठासनं वाचीसन घर भरेल वाटस," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे आम्हा सगळ्यांचं वाचून त्यांना घर भरल्यासारखं वाटायचं!

तेवढ्यात जिन्यातून वरून-खालून फौज आली. नियाजभाई बॅट घेऊन, सरिताताई डास मारायची रॅकेट घेऊन, मागे निम्मी सोसायटी. "कुठंय चोर?" सगळ्यांना दिसला तो पाण्यात पडलेला अॅडमिन!

पल्लवीने थंडपणे कपाटातला पुरावा आणून तानुबाईंच्या हातात दिला. तानुबाई माझ्या कमरेला तेल चोळू लागल्या, आणि मी ओरडत असताना पल्लवीने सगळ्यांना सगळं सांगितलं. खिचडीचं कळल्यावर जहिदाभाभी पुढे झाल्या, त्यांनी तानुबाईंचा तेलकट हात तसाच हातात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. कोणीतरी चटई आणली, कोणीतरी चहा. माझ्या अंगावरून कप इकडून तिकडे जात होते. नियाजभाईंना तीन मुली आहेत, हे मला तेव्हा कळलं. तिघीही वाकून माझ्याकडे बघून हसत होत्या!

आता रोज संध्याकाळी सगळे तानुबाईंच्या दारापाशी जमतात. मागच्या आठवड्यात एकमताने त्यांना अॅडमिन केलं. कोणी ठराव मांडला? आमच्या पल्लवीने!

आणि मंगळवारी तानुबाईंच्या हातून मी ग्रुपमधून काढला गेलो. चुकून बोट लागलं, असं त्या म्हणतात. मला दाट संशय आहे. पण विचारणार कोणाला? आज पाच दिवस झाले, मी ग्रुपमध्ये नाही, हे अजून एकाच्याही लक्षात आलेलं नाही!